हात दिसले पाहिजेत

ऐकणाऱ्यांच्या घरात नेट बंद पडलं की पोरं कुरकुरतात, मोठी माणसं कंपनीचा उद्धार करतात आणि मग नाइलाजाने एकमेकांशी बोलायला लागतात. आईच्या घरात उलटं होतं. तिथे नेट बंद पडलं, म्हणजे आईची वाचाच बसली.

आई जन्माची बहिरी. तिची थोरली बहीणही तशीच. अशा मुलींनाही शाळेत घालता येतं, हे त्यांच्या घरात तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. मग दोघींनी स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढ्या जागेत हातांची एक भाषा आपली आपणच उभी केली. मिशीला पीळ दिला की वडील. हनुवटीखाली मूठ टेकली की कंटाळा. मनगटावर फुंकर मारली की 'काळजी करू नकोस'. सासूसाठीचा शब्द लग्नं झाल्यावर तयार झाला, आणि तो कसा करतात हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या जगात दोनच जणी. आईचा नवराही बहिरा होता, त्याने ती लग्नानंतर शिकून घेतली, पण लेकीच्या मते बाबा जाईपर्यंत ती परगावच्या हेलातच बोलले.

लेक तेवढी कानांची निघाली. आणि निघाली तीही अशी बडबडी, की शेजाऱ्यांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. दूधवाला, शाळेतल्या बाई, बँक, दवाखाना, सगळीकडे घराच्या वतीने हीच वाजायची. आता चाळिशी उलटली, केस पिकले, तरी भोंगा तो भोंगाच. लहानपणापासून दुभाषीपण करून करून तिला एक खोड मात्र लागली होती. बोलणं इकडून तिकडे नेताना ती त्याचे काटे वाटेतच काढून टाकायची. दुकानदार वैतागून 'ही बाई डोकं खाते' म्हणाला, की आईला ती 'जरा थांबा म्हणतोय' असं सांगायची. आईने हातांनी दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या, तर तेही पोचू द्यायची नाही. दोन्हीकडे शांतता राहायची आणि मधली एकटी सगळं गिळून बसायची.

तर या दोघी बहिणी रोज दुपारी जेवणं आटोपली की फोन बरणीला टेकवून उभा करायच्या आणि बोलायला बसायच्या. थोरली एक दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात, मुलाकडे. ही इथे, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. तासभर हात चालायचे. लेकीला सगळं कळतं असा तिचा स्वतःचा समज होता, पण दोघी रंगात आल्या की निम्मंअर्धं तिच्याही डोक्यावरून जायचं.

आणि आता थोरली मावशी दवाखान्यात होती. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. दिवसातून थोडा वेळ डोळे उघडायची, बाकी झोप. इकडे आई न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसलेली, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. जिना अरुंद, लिफ्ट नाही, आणि जिन्यावरून हलवलंत तर पाय कायमचा जाईल असं डॉक्टरांनी बजावलेलं. जाणं शक्यच नव्हतं. राहता राहिला फळीवरचा तो पांढरा डबा, राउटर, ज्याच्या जोरावर दोन्ही गावं दुपारी एक व्हायची. नेमका तोच गुरुवारी गेला.

कोणी म्हणेल, फोनवर बोलावं. कोणी म्हणेल, मोबाइलचं नेट नाही का? लेकीने ते करून पाहिलं होतं. ते घर मागच्या बाजूचं, तिन्ही अंगांनी उंच इमारती, रेंज नावापुरती. चित्र यायचं ते अडखळत. अर्धवट तुटलेल्या चित्रातही ऐकणाऱ्यांचं भागतं, चेहरा गोठला तरी आवाज येत राहतो. यांचा हात वर गेलेला दिसायचा, खाली आलेला दिसायचाच नाही. शब्द सुरू व्हायचा आणि हवेत लटकून राहायचा. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप होतं, खालच्या मजल्यावर नेट घेतलेलंच नव्हतं.

मग लेकीने आईचं बोलणं फोनवर चित्रित करून घेतलं, रस्त्यावर उतरून मावसभावाला पाठवलं आणि सांगितलं, मावशीला दाखव, ती काय म्हणते ते चित्रित करून पाठव. त्याने पाठवलं. लेकीने धावत जिना चढून ते आईच्या हातात दिलं. थोरलीचा चेहरा होता, उशीवर, सुकलेला, डोळे उघडे. खांदे हलत होते. म्हणजे ती बोलत होती. हात मात्र चौकटीच्या बाहेर. त्या मुलाने आपल्या आईचा नुसता चेहरा टिपला होता.

आईने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मग फोन पालथा ठेवला आणि हातांनी म्हणाली, "तोंड काय बघायचंय? तोंडात काय आहे तिच्या?"

मावसभाऊ काही वाईट माणूस नव्हता. आपल्या आईचं औषधपाणी, दवाखाना, सगळं नीट करणारा. पण तो लहानपणी आजीकडे वाढला, ऐकणाऱ्यांत, आणि आईची भाषा त्याने कधी घेतलीच नाही. भूक, पाणी, चल, ये, एवढ्यावर मायलेकांचा संसार झाला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि शिकू शिकू म्हणता राहून गेलं.

लेकीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. ऐकणारं माणूस जायला टेकलं की लोक कानाशी बोलतात, निरोप सांगतात, माफी मागतात, आणि ते पोचलं असं मानून स्वतःची समजूत घालतात. थोरलीचं तसं नव्हतं. तिचे डोळे मिटले की सगळी दारं बंद. ते मिटायच्या आत दोघी बहिणींना एकदा समोरासमोर बसवायचं होतं.

तक्रार गुरुवारीच केली होती. शुक्रवारी ती आपोआप बंद झाली. 'ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही.' पुन्हा केली, पुन्हा बंद. लेकीने स्वतःचा नंबर तीनदा लिहून दिला होता, पण जोडणी आईच्या नावावर, म्हणून कंपनीचं यंत्र आईच्याच नंबरवर फोन लावायचं. बहिऱ्या बाईच्या उशाशी फोन वाजून वाजून दमायचा, आणि बाईने उचलला नाही म्हणजे तिला गरज नाही, असा निकाल लागायचा. भोंग्याने हे कळल्यावर कंपनीच्या माणसाला फोनवर जे ऐकवलं, ते मात्र काटे न काढता ऐकवलं.

रविवारी सकाळी ती उठून सरळ त्या भागातल्या नेटवाल्याच्या घरी गेली. तो अर्धी दाढी उरकून, उरलेल्या गालाला साबण लावून बसलेला.

"ताई, आज सुट्टी आहे माझी."

"माझी मावशी मरायला टेकलीये. तिला सुट्टी नाही."

त्याने साबण पुसला आणि अर्ध्या दाढीनिशी पिशवी उचलली.

दाराशी आल्यावर त्याने सवयीने बेल दाबली. आत आवाज झाला नाही, पण दाराच्या वरच्या काचेतून दिवा लुकलुकताना दिसला. या घरात बेल म्हणजे दिवा. बाहेरच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, न्हाणीघरात एक. लेकीने किल्लीने दार उघडलं तेव्हा आई खाटेवरून दाराकडेच बघत होती.

"नमस्कार आजी!" नेटवाला एवढ्या जोरात ओरडला, की खालचं कुत्रं भुंकलं. बहिऱ्याशी मोठ्याने बोललं की ऐकू जातं, हा ऐकणाऱ्यांचा भाबडा समज काही केल्या जात नाही. आईने हसून मान हलवली.

राउटर फळीवर होता आणि त्याच्या अंगावर गोधडीच्या कापडाचं जाड झबलं होतं, वायरी बाहेर काढायला मागे चीर ठेवलेलं. आईच्या घरात प्रत्येक वस्तूला झबलं असायचं. मिक्सरला, टीव्हीला, इस्त्रीला. आणखी थोडी सवड मिळाली असती, तर तिने नळालाही शिवलं असतं. त्यामुळे लेकीने या झबल्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. नेटवाल्याने ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

डब्यावरचे सगळे दिवे एकदम लागले, क्षणभर थांबले, एकदम गेले. पुन्हा लागले. पुन्हा गेले.

"उठतोय आणि पडतोय," तो म्हणाला. त्याने मागची फायबरची बारीक पिवळी वायर काढली, खिशातलं छोटं यंत्र तिच्या टोकाला लावलं. "बाहेरची लाइन ठणठणीत आहे. उजेड येतोय." मग भिंतीतला ॲडॉप्टर उपटून आपल्या पिशवीतला लावला. दिवे लागले, गेले. "हाही चांगला. म्हणजे दुखणं पोटातलं आहे."

"मग नवा डबा द्या ना. तुमच्याकडे असेल."

"आहे की. पण नव्या डब्याचा नंबर ऑफिसातून चढवावा लागतो, तोवर तो नुसता दिवा. ऑफिस उद्या उघडणार. वर अर्ज, वर मंजुरी. परवा धरा."

 लेकीने फोन काढून त्याला मावसभावाचा सकाळचा निरोप दाखवला. 'थोडा वेळ जागी होती. हात हलवत होती. मला काही कळत नाही. लवकर कर.'

नेटवाल्याने तो वाचला, अर्धी दाढी खाजवली. "उघडायची परवानगी नसते आम्हाला," असं म्हणता म्हणताच त्याने स्क्रू काढायला घेतले.

झाकण निघालं तसा जळका वास आला. आतलं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. वीज येते त्या कोपऱ्यात एक छोटं गोल डबडं होतं, त्याचं डोकं फुगून वर आलेलं. "हा बघा, कंडेन्सर फुगलाय. बिचारा उकडून मेला." मग त्याची नजर बाजूच्या झबल्यावर गेली. ते त्याने उचललं, हातात दाबून पाहिलं. "हे किती दिवस घातलंय याला? याच्या बाजूची ही भोकं असतात ना ताई, ती याची नाकं. तुम्ही नाक दाबलंत त्याचं."

आई त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने लेकीला विचारलं, "काय म्हणतोय?"

"उन्हाळ्याने तापलाय म्हणतो," लेक हातांनी म्हणाली.

आईला ओठ थोडे वाचता यायचे, पण या वेळी तेवढ्याचीही गरज नव्हती. माणूस हातात झबलं धरून डब्याकडे बोट दाखवत होता. आईचे हात आधी मांडीवर पडले. मग सावकाश उठले.

"मी मारला?"

"नाही गं. जुना झाला होता."

"मी मारला," आई म्हणाली. आणि मग तिने जे सांगितलं ते लेकीला नवं होतं.

पाय मोडल्यापासून आईची खाट फळीसमोर आली होती. दिवसभर तिथेच. आणि राउटरचे दिवे दिवसभर लुकलुकायचे. ज्या घरात जन्मभर लुकलुक म्हणजे दारात कोणीतरी, त्या घरातल्या बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिवसभर दार वाजत होतं. ती कुबड्या घेऊन उठायची, दार उघडायची, बाहेर कोणी नसायचं. पुन्हा येऊन बसायची. हा डबा आहे, दार नाही, हे ठाऊक असूनही मान वळायचीच. कधी वाटायचं, लेक आली असेल. एकदा तोल जाऊन पडता पडता वाचली. तेव्हा जुनी गोधडी फाडून तिने ते झबलं शिवलं, चांगलं जाड, आतून दुहेरी, उजेड दिसू नये म्हणून.

"सारखं कोणीतरी आल्यासारखं वाटायचं," आईचे हात म्हणाले. "आणि कोणी नाही."

लेकीला भडभडून आलं. संध्याकाळी येते म्हणून दुसऱ्या दिवशी उगवणारी ती, आणि दर लुकलुकीला दाराकडे बघणारी आई. तिने आईचे दोन्ही हात धरले, आणि आईने ते लगेच सोडवून घेतले, कारण हात धरले तर ती बोलणार कशाने?

"आजी काय म्हणाल्या?" नेटवाल्याने विचारलं.

"काही नाही. सॉरी म्हणते."

 पिशवीतून नेटवाल्याने एक मेलेला राउटर काढला, त्यातला तसाच कंडेन्सर उपटला, डाग द्यायची बारीक कांडी तापत ठेवली. हातरुमालाने कपाळ पुसत, जीभ दातांत धरून त्याने जुना काढला, नवा बसवला, दोन थेंबांचा डाग दिला आणि त्यावर फुंकर मारली. आईने ती फुंकर पाहिली. तिच्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो ते त्या बिचाऱ्याला काय माहीत, पण आईने मान हलवून त्याला दाद दिली.

झाकण त्याने लावलंच नाही. "असाच उघडा राहू दे. हवा लागू दे." दिवे लागले. एक लागला, मग दुसरा, मग बाकीचे सवडीने. गेले नाहीत. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला, मग गुडघ्यावर हात टेकून उठला. लेकीने पर्स उघडली, तर तो दारात पोचलेलाही होता. "आधी फोन लावा ताई," म्हणाला आणि अर्धी दाढी घेऊन जिना उतरला.

लेकीने फोन बरणीला टेकवला. आईने केस सारखे केले, पदर नीट घेतला, हात समोर धरले. भाऊ लगेच पडद्यावर आला.

"ताई, आत्ता तासाभरापूर्वी मिटले गं डोळे. उघडतच नाहीये. हलवलं, पाणी लावलं." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, कानाशी बोलत राहा, कान शेवटपर्यंत जागे असतात." आणि तो हसला, हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

पडद्यावर उशी आणि मिटलेला चेहरा. चित्र अगदी स्वच्छ होतं, पापण्यांचे केस मोजावेत इतकं. आईने हात वर केले, बहिणीला हाक मारतात तशी खूण केली, आणि वाट पाहिली. पुन्हा केली. मग हात खाली आले.

लेक मनातल्या मनात म्हणत राहिली, तीन दिवस आधी हे झालं असतं तर. ती कंपनीला शिव्या देत होती, यंत्राला देत होती, आणि त्या शिव्या फिरून फिरून स्वतःवरच येत होत्या.

आईने तिच्या दंडावर थाप मारली. "त्याला सांग, हात दाखव."

"चेहरा नको," लेकीने भावाला सांगितलं. "फोन कशाला तरी टेकव आणि मावशीचा हात दिसू दे."

हात दिसला. सुजलेला, सुईची पट्टी लावलेला, आणि मागे भावाचा चेहरा. आई त्या हाताकडे बघत राहिली आणि मग तिने एक गोष्ट सांगितली, जी लेकीला इतक्या वर्षांत माहीतच नव्हती. वडील संध्याकाळीच दिवा मालवायचे. अंधार झाला की दोघींची तोंडं बंद. मग पांघरुणात दोघी एकमेकींच्या तळहातावर बोलायच्या. तेच शब्द, पण बोटांनी, तळव्यावर. लग्न होईपर्यंत.

"तिचा हात हातात घे म्हणावं त्याला. मी सांगते तसं कर म्हणावं."

आईने लेकीचा हात ओढून उताणा केला आणि त्यावर अंगठा दोनदा दाबला, मग सगळी बोटं एकदम टेकवली. मी आले. लेकीने ते तोंडाने भावाला समजावलं. "अंगठा मधोमध, दोनदा. हलकं नको, दाब. आता पाची बोटं." चाळिशीला आलेला, टक्कल पडलेला तो माणूस आईच्या खाटेशी वाकला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या भाषेत बोलला.  पुन्हा केलं. पुन्हा.

थोरलीची बोटं हलली.

"हलली! ताई, हलली!"

आई पडद्याच्या इतकी जवळ गेली, की तिचा श्वास काचेवर उमटला. थोरलीचं नख मुलाच्या तळव्यावर आडवं फिरलं, थांबलं, पुन्हा आडवं फिरलं. हा शब्द लेकीलाही येत होता. हवेत करतात तसाच होता.

कोण?

बहिणीचा हात थोरलीने पांघरुणात हजारदा वाचला होता, हा तो नव्हता. हा कोणाचा तरी मोठा, जड, अडाणी हात होता, तिच्या भाषेत चाचपडत बोलणारा. आणि तिच्या भाषेत बोलणारा असा हात घरात कोणाचा नव्हताच, मग ती ओळखणार कशी.

"काय म्हणाली आई?" भावाने विचारलं. त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

"ओळखलं म्हणाली तुला," लेक म्हणाली. जन्माची खोड.

भावाचा चेहरा उजळला, आणि आईने तो उजळलेला पाहिला. तिने लेकीच्या मनगटावर फटका मारला. "खोटं सांगितलंस. ती अंधारात विचारतेय आणि तू त्याला गोड गोड सांगतेस? खरं सांग."

लेक पडद्याकडे वळली. "तिने विचारलं... कोण आहे."

 भावाने थोरलीचा हात सोडला नाही. म्हणाला, "मग सांगू ना. मी आहे म्हणून. माझं नाव कसं म्हणायचं?"

"तुला तुझं नाव माहीत नाही?"

"ती मला हाक कुठे मारायची ताई. खांद्यावर थाप मारायची."

त्याचं नाव दोघी बहिणींना माहीत होतं. रोज दुपारी त्यांच्या बोलण्यात ते दहादा यायचं. तो आज आला नाही, तो दमलाय, त्याचं पोट बिघडलंय, त्याला साहेब रागावला. कानाशेजारी बोट गोल गोल फिरवायचं. कुरळा. जन्मला तेव्हा डोकंभर कुरळे केस होते म्हणून. लेकीने हे सांगितलं, तसा भावाने आपल्या टकलावरून हात फिरवला, आणि त्याला रडू आवरेना.

"तळव्यावर गोल काढ," लेक म्हणाली. "छोटा. दोनदा. कानाजवळ करतात तसा."

त्याने काढला. वाट पाहिली. पुन्हा काढला.

"आता तुझं सांगू का? तू इथे आहेस म्हणून?" लेकीने हातांनी आईला विचारलं. तीन दिवस सगळी धडपड त्याच्यासाठीच तर चालली होती. आईच्या ओठांवर, हातांवर, सगळ्या अंगावर ते सांगणं येऊन उभं होतं.

आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "थांब. त्याला बोलू दे. तिच्यात ताकद किती उरलीये?"

थोरलीची बोटं मुलाच्या तळव्यावर चाचपडली. अंगठ्यावरून गेली, मनगटापर्यंत गेली, परत आली. मग तिने पाची बोटांची टोकं एकत्र केली आणि त्याच्या तळव्यावर अगदी हळू टेकवली. एकदा. थोडी थांबून आणखी एकदा.

आईने तोंडावर पदर घेतला. 

"ताई, काय म्हणतेय? खरं सांग. काहीही असलं तरी सांग."

हवेत, तोंडाशी केला असता, तर हा शब्द समजायला दुभाषी लागला नसता. लेकीला बोलायला कष्ट पडले, भोंगा असून.

"विचारतेय, जेवलास का."

 भावाच्या पोटात कालपासून चहाशिवाय काही नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडे बघून इकडे मायलेकींना कळत होतं.

"'हो' कसं म्हणायचं गं?" त्याने विचारलं.

आईने लेकीचा हात ओढला आणि तळव्यावर 'हो' करून दाखवलं.